तीनशे दहा वॅट

जनरेटरच्या खोक्यावर तीन भाषांत ‘अत्यंत शांत’ असं छापलं होतं. दुकानदाराने तो फुटपाथवर ठेवला, दोरी ओढली, आणि मग आम्हा दोघांना एकमेकांचं बोलणं ऐकू येईना. त्याने बोटाने ती अक्षरं दाखवली आणि हसला. माणूस मला आवडला. खोटं विकत होता, पण लपवून नाही.

मी अठ्ठावीस वर्षं एका रुग्णालयाच्या जनरेटर-खोलीत काढली. तिथली यंत्रं बैलजोडीएवढी. हे सूटकेसएवढं स्वस्तातलं बाळ पाहून हसू आलं खरं, पण मला ते एकट्याला उचलता येत होतं. सोळाशे वॅट सलग देतो, असं लिहिलेलं. मला हवे होते तीनशे दहा.

तीनशे दहा म्हणजे आमच्या हिचा श्वास. ती आणि तिची थोरली बहीण, आमच्या ताई, वीस वर्षं एकाच गिरणीत कापूस पिंजायच्या खात्यात शेजारी-शेजारी उभ्या राहिल्या. गिरणी बंद झाली. कापूस छातीत राहिला. आता दोघींच्याही उशाशी हवेतून प्राणवायू वेगळा काढणारं एकसारखंच यंत्र असतं. त्याला अखंड वीज लागते. म्हणून दोन बहिणी सहा वर्षं एकमेकींना भेटलेल्या नाहीत. मधे सात तासांचा रस्ता.

त्या आठवड्यात ताईंच्या मुलीचा, म्हणजे आमच्या भाचीचा फोन आला. डॉक्टर म्हणाले होते, ज्यांना भेटायचंय त्यांना बोलावून घ्या.

मी रुग्णवाहिकेचं सुचवलं. ही म्हणाली, तसल्या गाडीतून मला उतरवताना पाहिलं तर ताईच आधी जाईल. मुलाने फोनवर तासभर समजावलं. हिने सगळं ऐकून घेतलं आणि त्याला जेवलास का विचारलं. आमच्या घरात वाद असाच संपतो.

राहिली आमची घरगाडी. जुनी सामान वाहायची व्हॅन, निवृत्तीनंतर दोन वर्षं खपून मी तिचं मोटरहोम केलेलं. पलंग, ओटा, दोन खिडक्या. पण तिच्या बॅटऱ्यांवर हिचं यंत्र दीड तास चालायचं, पुढे शिट्टी मारायचं. म्हणून जनरेटर.

तो गाडीच्या आत ठेवायचा नाही, हे मी देवावर हात ठेवून सांगतो. त्याच्या धुरातला वायू ना दिसतो ना वास देतो, झोपेतच नेतो. मी गाडीच्या मागे बाहेरच्या बाजूला लोखंडी चौकट वेल्ड करून घेतली, खाली जाड रबर दिलं, भोवती हवा खेळेल अशी जाळी. सायलेन्सरचं तोंड मागे, रस्त्याकडे. तार जिथून आत येते ते भोक सील केलं, आणि पलंगाशेजारी त्या वायूचा अलार्म लावला. नव्या यंत्रात ऑइल नसतं, ते भरलं. पहिल्याच दिवशी कोरडं चालवून मारलेली कैक यंत्रं मी पाहिली आहेत. (“निरूपण पुरे, मुद्द्यावर या,” असं ही आत्ताही म्हणाली असती.)

दोन दिवस अंगणात चालवून पाहिला. त्याच्या छोट्या पडद्यावर किती वॅट ओढले जातायत ते दिसतं. हिचं यंत्र लावलं की तीनशे दहा. काढलं की शून्य, आणि इंजिन आपोआप खाली येऊन गुणगुणायला लागायचं, भजन संपल्यावर टाळकरी नुसता ठेका धरतो तसं. मला समाधान वाटलं. स्वस्त होतं, पण लबाड नव्हतं.

सकाळी सातला निघालो. ही पलंगावर, नाकात नळी, उशाला वाचायचं भिंग आणि ताईंसाठी विणलेली शाल. मधली खिडकी उघडी ठेवून मी तिच्याशी बोलत होतो.

दहा वाजून वीस मिनिटांनी मागचा आवाज बदलला.

ज्याने आयुष्यभर इंजिनं ऐकली त्याला हे सांगावं लागत नाही. यंत्राने ओझं उचललं होतं. मी गाडी कडेला घेतली, मागे गेलो. पडद्यावर सहाशे वीस.

हिने किटली लावली असेल म्हणून विचारलं. नाही. मी गाडीतलं एकेक बटण पाडलं. हिला दोन मिनिटं प्राणवायूच्या छोट्या सिलिंडरवर ठेवून यंत्रसुद्धा बंद केलं. तीनशे दहा. शेवटी जनरेटरमधून तारच उपसून काढली. आता त्याला जगातलं काहीही जोडलेलं नव्हतं.

तीनशे दहा.

पडदा बिघडला, असं मी मोठ्याने म्हणालो. पण कान पडद्यावर चालत नाहीत. इंजिन ओझ्याखालीच होतं. अलार्मकडे पाहिलं, वायूने माझंच डोकं फिरलंय का म्हणून. शून्य. तार परत लावली, सहाशे वीस झाले, आणि निघालो. बिघाड कुठला का असेना, हिचा श्वास चालू होता आणि रस्ता पुढे होता. भाचीला फोन लावला. लागला नाही.

साडेअकराला पेट्रोल संपत आलं. दोन तास आधीच. म्हणजे पडदा खोटं बोलत नव्हता.

चालत्या जनरेटरमध्ये पेट्रोल ओतायचं नाही, हा माझा अठ्ठावीस वर्षांचा नियम. बंद करायचा, इंजिन निवू द्यायचं, मग भरायचं. हिला सिलिंडर लावला आणि दहा मिनिटं घड्याळ धरून थांबलो. ही उठून बसली. सिलिंडर व्यवस्थित होता, बोटाला लावलेल्या चिमट्यावर प्राणवायूचा आकडा चांगला होता, तरी तिचे ओठ घट्ट मिटलेले.

“लवकर करा,” ती म्हणाली.

“तुला त्रास होतोय?”

“मला नाही.”

मी पुढे विचारलं नाही. विचारायला हवं होतं.

दोन वाजता पुन्हा तेच. यावेळी मी सहा मिनिटांतच भरून दोरी ओढली, कारण ही खिडकीच्या काचेवर बोटांनी सारखी वाजवत होती.

सव्वातीनला ताईंच्या दारात पोचलो. बैठं घर, गल्लीच्या टोकाला. भाची धावत आली. हिची मिठी, रडणं, “मावशी, किती वाळलीस गं.” मग मला म्हणाली, “काका, तुमचा जनरेटर चालूच ठेवा हं. लाईट नाहीये. तारा तुटल्यात कुठेतरी, सकाळपासून फोनही बंद.”

“सकाळी किती वाजता गेली?”

“दहा-वीसला. मी घड्याळ बघितलं, आईचं यंत्र आहे ना.”

मी आत गेलो. ताई डोळे मिटून पडल्या होत्या. उशाशी त्यांचं यंत्र नेहमीसारखं फुसकारत होतं, हिरवा दिवा लागलेला.

इन्व्हर्टर कुठे आहे, असं मी विचारलं. भाची म्हणाली, तो गेल्या वर्षीच जळला. तिला वाटलं होतं या एका प्लगला वेगळी लाईन असावी. चालतंय ना, मग तिने हात लावला नव्हता.

“दोनदा मात्र बंद पडलं, काका. साडेअकराला पडलं ते दहा मिनिटं. आई निळी झाली होती, मी नुसती देवाचं नाव घेत बसले. मग दोनला. तेव्हा पाचसहा मिनिटंच.”

हिने माझ्याकडे पाहिलं. मी तिच्याकडे.

खिशातला टेस्टर काढून शेजारच्या भोकात घातला. दिवा लागला नाही. वायर यंत्रापासून भिंतीपर्यंत जात होती. भिंतीत काही नव्हतं.

मग मी मला येतं ते केलं. जनरेटरपासून जाड तार खिडकीतून आत ओढली, टोकाला चार प्लग लागतात तसली पाटी लावली. हिचं यंत्र त्यावर घेतलं. ताईंचा प्लग भिंतीतून काढला. काढताना डोळे मिटले होते, हे कबूल करतो. फुसकारणं थांबलं नाही. प्लग माझ्या हातात असताना थांबलं नाही. मी तो पाटीत खोचला.

बाहेर येऊन पाहिलं. सहाशे वीस. आता तरी ते सहाशे वीस रीतसर होते. दोन यंत्रं, दोन बहिणी. मी जाळीला धरून थोडा वेळ उभा राहिलो. ज्याने श्वास दिला तो कुठल्या तारेने पोचवतो हे विचारणारा मी कोण, असं मनाशी म्हणालो, आणि खरंच शांत वाटलं.

आत ताईंनी डोळे उघडले होते. हिने त्यांचा हात हातात घेतला. ताई पुटपुटल्या, “आलीस होय. वाटेत दोनदा थांबलीस.”

सव्वाचारला लाईट आली. गल्लीत कुठेतरी पंप सुरू झाला. मी दोन्ही यंत्रं भिंतीच्या विजेवर घेतली, पाटी गुंडाळली, तार उपसून काढली. जनरेटरने आपलं काम चोख केलं होतं. त्याला बंद करायला हात बटणावर ठेवला.

पडद्यावर तीनशे दहा.

मी हात काढला नाही. बटण दाबलंही नाही. दोन्ही बायका आत भिंतीच्या विजेवर होत्या. तार माझ्या खांद्यावर होती.

सहाशे वीस.

इंजिनाचा आवाज चढला. मी खिडकीतून आत पाहिलं. ही ताईंचे केस मागे सारत होती.

नऊशे तीस.

पेट्रोलचा काटा तळाला होता. फार तर दहा मिनिटं.

मी हात बटणावरून काढला. कॅन आणला, नरसाळ्याला ओलं फडकं गुंडाळलं, बादलीभर वाळू शेजारी ठेवली. मग अठ्ठावीस वर्षांत न केलेली गोष्ट केली. यंत्र चालू असताना झाकण उघडलं आणि करंगळीएवढ्या धारेने, नाम घेत, टाकी भरली. एक थेंब सांडला नाही. आवाज एकदाही खाली आला नाही.

हात पुसत आत गेलो आणि भाचीला म्हणालो, गल्लीत, बाजारात, ओळखीत, कोणाकोणाकडे जनरेटर आहेत ते विचार. आत्ताच्या आत्ता.

ती गोंधळली. “आता तर लाईट आलीये, काका. किती हवेत?”

मी उत्तर देण्याआधी ही बोलली. आकडे मी तिला सांगितले नव्हते. ती माझ्याकडे वळलीसुद्धा नाही, ताईंचा हात तसाच हातात.

“गिरणीत आमच्या खात्यात बेचाळीस जणी होतो.”

त्यातल्या दोघी भिंतीच्या विजेवर. राहिल्या चाळीस. सोळाशे वॅटच्या एका जनरेटरवर पाच चालतात. आठ लागणार होते, एक दारात होता.

“सात,” मी म्हणालो. “आणि पेट्रोल भरताना बदलीला एक. आठ सांग.”