सम लवकर आली

"हा उस्मान नाही." संयुक्ता लोंढेने ध्वनिटोप कानांवरून काढला आणि टेबलावर ठेवला.

डॉ. हेरंब टिळवे यांचा चेहरा पडला. मिरजेच्या या ध्वनिप्रयोगशाळेत वर्षभर खपून त्यांनी 'पूर्वस्वर यंत्र' उभं केलं होतं आणि ते पोरीने एका वाक्यात निकालात काढलं.

"आवाज त्याचाच आहे," ते म्हणाले. "तो चांद्रतळावर. तुझा आवाज तिथे पोचायला सव्वा सेकंद, त्याचा परत यायला सव्वा. म्हणून तो पुढे काय म्हणेल याचा अंदाज बांधून यंत्र ते आधीच गातं. नाहीतर युगुलगीतात केवढी फट पडेल!"

"गातं झकास, सर. पण माझं ऐकत नाही. आमचा कलगीतुऱ्याचा सवालजवाब. मी सवाल टाकायचा, त्याने तिथल्या तिथे जवाब रचायचा. अडला की हरला. तुमचं यंत्र कधी अडतं का?"

"अडू नये म्हणूनच तर केलंय!"

"तेच म्हणते मी."

उस्मान दियोप सेनेगलहून मिरजेला अभियांत्रिकी शिकायला आला होता. संयुक्ताच्या हलगीवर तो त्याच्या वोलोफ भाषेत रॅप करायचा, ती मराठीत आणि कानडीत उलटवायची. जोडी जगभर गाजली. मग तो चंद्रावर खोदकामाच्या नोकरीला गेला. पुढच्या मोठ्या कार्यक्रमाला येतो म्हणाला होता. आता म्हणत होता, सुट्टी नाही. संयुक्ताला ते फार लागलं होतं. निदान तो जवाब तरी खरा हवा, एवढाच तिचा हट्ट उरला होता.

"फट बुजवू नका, तिचाच ताल करू," ती म्हणाली. "आवाज जाऊन यायला जेवढा वेळ, तेवढं हलगीचं एक आवर्तन. माझा सवाल समेवर संपेल. मग एक आवर्तन नुसती हलगी. पुढच्या समेवर त्याचा जवाब."

टिळवे विचारात पडले. "पण चंद्र कधी जवळ, कधी लांब. लय रोज बदलेल."

"बदलू दे. त्या दिवशीचं अंतर सांगा, लय मी धरते."

टिळव्यांनी मान्य केलं, पण एका अटीवर. ताल फिसकटला तर ते यंत्र चालू करणार.

कार्यक्रमाच्या दिवशी सांगलीचं मैदान खच्चून भरलं. उस्मान तयार आहे, असं चांद्रतळाच्या अधिकाऱ्याने कळवलं. संयुक्ताने पहिला सवाल टाकला, हलगी घुमवली, आणि उस्मानचा जवाब समेच्या आधीच येऊन आदळला.

हात चुकला असेल, असं तिला वाटलं. दुसराही तसाच आला. लोक चुळबुळू लागले.

"घड्याळ बिघडलंय," कानात टिळवे ओरडले. "यंत्र लावतो!"

"थांबा! किती आधी येतोय?"

"प्रत्येक वेळी जवळपास तेवढाच. उलट किंचित वाढतंय."

हात वाजवत होते, डोकं हिशेब करत होतं. संदेश प्रकाशाच्या वेगाने जातो, तो वेग काही बदलत नाही. चंद्राचं अंतर सकाळीच मोजलेलं. तरीही जवाब लवकर येतोय, म्हणजे जवाब देणाराच जवळ आलाय.

तिचे डोळे भरून आले. तिने लय वाढवली. पुढचा जवाब नेमका समेवर पडला आणि मैदान उसळलं.

मग तिने ठरवून ठेवलेला सवाल सोडून दिला.

"चंद्र जागेवर, जवाब आधी,
सांग गड्या, तू निघालास कधी?"

हलगीचं आवर्तन सरलं. सम आली. जवाब आला नाही.

"अडला! लावतो यंत्र!"

"सर, बटणाला हात लावू नका!"

आणखी एक आवर्तन रिकामं गेलं. मग आकाशातून हसू ऐकू आलं, आणि पाठोपाठ अस्सल मिरजेची मराठी.

"हरलो की गं! पहाटेच यान सुटलंय. तळावरच्या समद्यांना गप ऱ्हायला सांगितलंतं. थेट तुझ्या दारात हुबा ऱ्हाणार हुतो."

सगळ्यांची तोंडं बंद केली होती गड्याने, पण ताल अंतरावर बांधलाय हे साफ विसरला होता.

"मग लय आणखी वाढवू?" तिने विचारलं.

एक आवर्तन हलगी एकटी वाजली.

"वाढवावीच लागंल," समेवर उत्तर आलं. "येतोय न्हवं?"