आत वळलेले काटे

धुरपताबाई कापगते यांनी टेबलावर फडक्यात गुंडाळलेली वस्तू अशी आपटली, की भैयाजींच्या कपातला चहा बशीत सांडला.

"पाहा हे! अन् मंग सांगा, माया कुत्र्यानं मायाच मानसाले काऊन मारलं असंल?"

फडक्यात कुत्र्याचा चामडी पट्टा होता. त्याच्या आतल्या बाजूने टोकदार लोखंडी खिळे निघाले होते. खिळ्यांभोवती रक्त सुकलं होतं.

जागेश्वर बिसेन रेल्वे पोलिसांतली नोकरी सोडून गोंदियात खाजगी तपास करत. त्यांचे मित्र भैयाजी होमिओपॅथीच्या गोळ्या देत आणि चारचौघांचं मत तेच आपलं मत मानत. १९३६ सालच्या त्या सकाळी दोघांचा चहा अर्धाच राहिला.

"काल सांजेले आमच्या सौंदडच्या तलावाच्या पारीवर, बांधावर, ते मरून पडले," धुरपताबाई म्हणाल्या. त्यांचे डोळे कोरडे होते आणि लाल. "गळा फुटला होता. बाजूले भुऱ्या, तोंडाले रक्त. गाव म्हनते, कुत्र्यानं मारलं. अन् माया देर देवचंद म्हनते, वहिनीनंच कुत्रा सोडला. तिनं टक् केलं का कुत्रा धावते!"

"टक् म्हणजे?"

"मी शिकवलं त्याले. काम बराबर केलं का जिभेनं टक् करायचं अन् सुकटीचा तुकडा द्यायचा. टक् म्हंजे शाबास, ये, खाऊ घे. धावून जा असं नाई ते!"

"आणि हा पट्टा?"

"छोटेलालचा. साहेबलोकायचे कुत्रे शिकवते म्हनून देवचंदनं आनला होता त्याले. कुत्रा चुकला का तो दोरी ओढे, काटे मानेत रुतत. ह्यायनं पाहिलं, अन् महिन्याभरापूर्वी हाकलून देल्लं त्याले. पट्टा गोठ्यात टांगलेला राहिला. काल तो भुऱ्याच्या गळ्यात होता. कोनी घातला?"

"मयत उचलली?"

"तुमी पाहिल्याबगर उचलू देनार नाई मी. दारात शालीकराम बसला हाये, आमचा पानी सोडनारा. पाटील बंदूक घेऊन बसला हाये कुत्र्यासाठी. चला!"

नॅरोगेजच्या छोट्या गाडीने तिघं सौंदडला उतरले.

अंगणात गाव जमलं होतं. धुरपताबाई आत शिरताच कुजबुज झाली, "डाकीन आली." त्यांनी मान वळवली नाही.

जागेश्वरांनी मनिराम कापगत्यांच्या देहावरची चादर बाजूला केली. गळ्यापासून थेट मानेमागेपर्यंत जखमांची एक ओळ होती, सारख्या अंतरावरची भोकं. हातांवर ओरखडाही नव्हता. मग ते खुंटाला बांधलेल्या भुऱ्याजवळ बसले. त्याच्या मानेवर जुन्या खपल्या होत्या. एकही उकललेली नव्हती.

"काट्यांनी पिसाळला असेल बिचारा," भैयाजी पुटपुटले.

लंगडत शालीकराम पुढे आला. भुऱ्याने त्याच्याकडे पाहिलं आणि पुन्हा मान टाकली.

"मी तलावाच्या मोरीपाशी, पानी सोडाच्या दारापाशी होतो. मालकाची बोंब ऐकली. मंग कुत्र्याचं भुकनं, लय भुकला. मंग कोनी तरी टक् टक् केलं, अन् भुकनं बंद. मले वाटलं, बाई आली. माया पाय असा. जाईपरेंत कोनी नव्हतं. भुऱ्या मालकाचा गळा चाटून राहिला होता."

पाटलांनी बोलावून घेतलेला छोटेलाल अंगणात आला, तसा भुऱ्या पोटावर सपाट झाला. त्याच्याखालची माती ओली झाली. छोटेलाल हसला.

"देखा साहब? इसको ट्रेनिंग कहते हैं. कुत्ता सिर्फ डर समझता है."

"टक् केलं तर येतो तुझ्याकडे?" जागेश्वरांनी दात आवळून विचारलं.

"वो जनानी चोचले मैं नहीं करता. मेरे पास तो ये घसीटने पर भी नहीं आता."

शेवटी देवचंद. अंगात कोट, चेहऱ्यावर दुखवटा.

"मी त्या जनावराले कधी हात नाई लावला. किळस येते मले."

तो बोलत असतानाच भुऱ्या उठला, दोरी पुरेल तितका पुढे येऊन त्याच्यासमोर नीट बसला. कान टवकारलेले, नजर देवचंदच्या उजव्या हातावर. देवचंदने लाथ उगारली.

"पाहा, मायावर येऊन राहिला! घाला गोळी!"

"भावाशी वाद होता?"

"पान्यावरून थोडासा. कोनाच्या घरी नसते?"

"थोडासा?" शालीकराम ओरडला. "चोरून मोरी उघडली यानं! मालक पंचायतीत सांगनार होते."

पाटलांनी बंदूक उचलली. जागेश्वर कुत्र्याच्या आणि नळीच्या मधे उभे राहिले.

"घाई फार आहे तुम्हाला! आधी ऐका. कुत्रा चावला की मांस फाटतं. मानेभोवती मोजून मारल्यासारखी भोकं पडत नाहीत. अंगावर कुत्रा आला की माणूस हात आडवे घालतो, आणि मनिरामांचे हात कोरे आहेत. त्यांना कुणीतरी मागून पकडलं आणि हा पट्टा गळ्यात टाकून आवळला. काटे आत होते!"

"पण पट्टा कुत्र्याच्या गळ्यात होता," भैयाजी म्हणाले.

"खुनानंतर घातला. कुत्र्याच्या खपल्या जशाच्या तशा आहेत, मग हे रक्त कुणाचं? रक्ताळलेलं हत्यार कुत्र्याच्या गळ्यात घातलं, म्हणजे सगळे भैयाजींसारखंच म्हणणार, काट्यांनी पिसाळला!"

भैयाजींनी मान खाली घातली.

"आता ते टक् टक्. ते हल्ल्याआधी नाही, बोंब उठल्यावर वाजलं. कुत्रा खुन्यावर भुंकत होता, आणि खुन्याने खाऊ देतो म्हणून त्याला जवळ बोलावलं. छोटेलालकडे तो मेला तरी गेला नसता. शालीकरामशी त्याला देणंघेणं नाही. बाईंकडे तो येतोच, पण बाई खुनी असत्या तर हा पट्टा घेऊन माझ्याकडे आल्या असत्या का? मग राहिलं कोण? देवचंद, तुम्ही त्याला कधी हात लावला नाहीत ना? मग तो तुमच्यासमोर खाऊ मागत का बसला?"

देवचंदचा हात कोटाच्या खिशावर गेला.

"खिसा उलटा करा," पाटील म्हणाले. त्यांचा आवाज बदलला होता.

देवचंद हलला नाही. पाटलांनी स्वतःच खिसा ओढला. सुकटीचा चुरा मातीत सांडला आणि भुऱ्या दोरीला ताण देऊन तो चाटू लागला.

"तो कुत्रा सदा भावाच्या पायात!" देवचंद किंचाळला. "त्याले खाऊ घालून घालून आपलंसं केलं मी. काय करू? तलाव आमच्या आज्यानं बांधला. पानी काय त्याच्या एकट्याचं होतं? साऱ्या गावासमोर चोर म्हननार होता मले!"

कोतवालाने त्याचे हात बांधले. छोटेलाल हळूच फाटकाकडे सरकत होता. धुरपताबाईंनी त्याला गाठलं आणि एक थोबाडीत अशी दिली, की टोपी उडून पडली.

"खून नाई केला तू, मालूम हाये मले. हे त्याच्या मानेसाठी."

पाटलांनी घसा साफ केला. "चला रे, मयत उचला आता."

चार जण पुढे झाले. धुरपताबाई दारात आडव्या उभ्या राहिल्या.

"हात लावू नका! कालपासून मले डाकीन म्हनता तुमी. एकानं तरी इचारलं का, बाई, काय झालं म्हनून? निंघा माया अंगनातून!"

माणसं मागे सरली.

"मग खांदा कोण देणार, बाई?" पाटलांनी विचारलं.

शालीकराम उठला. जागेश्वरांनी टोपी काढली. भैयाजींनी कोट उतरवून खाटेवर ठेवला आणि कुणाकडे न पाहता त्यांच्यामागे उभे राहिले. चौथी जागा रिकामी होती.

धुरपताबाईंनी पदर खोचला आणि तिथे जाऊन उभ्या राहिल्या.

"बाई, बायको कशी..." पाटलांनी सुरुवात केली, पण वाक्य पुरं केलं नाही.

चौघांनी तिरडी उचलली. शालीकरामचा पाय अधू होता, म्हणून सगळेच सावकाश चालले.