शेवटून पहिली

"अहो, काय चाललंय तुमचं? त्या फिती का सोडताय? मागच्या लोकांनी वाट कशी शोधायची?"

धबधब्याच्या अलीकडच्या चढावर ती दम खायला थांबली होती. मागे वळून पाहते तर काय, एक उंच माणूस वाट दाखवायला झाडांना बांधलेल्या केशरी फिती खुशाल सोडत होता आणि खिशात कोंबत होता. तिचं डोकंच फिरलं. धावायला पुरत नसलेला दम भांडायला मात्र बरोबर आला.

त्याने शांतपणे गाठ सोडवली. "मागचे लोक म्हणजे... मागे कोणी नाहीये."

"म्हणजे?"

"तुमच्या मागे फक्त मी. शेवटच्या माणसामागून यायचं, कोणी हरवलं नाही ना बघायचं आणि फिती गोळा करायच्या. आजची माझी ड्यूटी."

शेवटचा माणूस म्हणजे आपणच, हे तिच्या डोक्यात शिरायला थोडा वेळ लागला. आणि शिरल्यावर तिला असं काही हसू फुटलं की ती तिथेच चिखलात बसली. मग त्यालाही राहवलं नाही.

धावणाऱ्यांच्या मंडळातला तिचा तो पहिला रविवार. एरवी ती चष्म्याच्या दुकानात, अंधाऱ्या खोलीत लोकांचे डोळे तपासायची आणि दिवसभर "आता स्पष्ट दिसतंय का?" विचारायची. "त्या खुर्चीत मुळं फुटतील तुला," म्हणून ताईने तिला हाताला धरून इथे आणून सोडलं होतं. पुन्हा या भानगडीत पडायचं नाही असं तिने उतरताना पक्कं ठरवलं होतं. पुढच्या रविवारी मात्र ती ताईच्या आधी उठून बुटांच्या नाड्या बांधत होती.

पायवाट एका माणसापुरतीच होती. त्यामुळे त्यांची ओळख वाढली तीही एकामागे एक राहूनच. ओल्या पानांवर त्याच्या बुटांचा पचक-पचक आवाज, मधेच फीत सुटल्याची सळसळ... आणि मागून त्याचा आवाज.

"पुढारी, डावीकडचा दगड निसरडा आहे."

"पुढारी काय म्हणता हो मला?"

"माझ्या तर कायम पुढेच असता. दुसरं काय म्हणू?"

"मग तुम्हाला काय म्हणायचं? शेपूट?"

"चालेल. निदान तुमच्याशी जोडलेला तरी राहीन."

ती वळली नाही. कान लाल झाले होते आणि ते त्याला दिसू द्यायचे नव्हते.

तो लिफ्ट दुरुस्त करायचा. "लोकांना वर पोचवतो आणि रविवारी स्वतः पायी चढतो," म्हणायचा. धबधब्यासमोरच्या लाकडी पुलावर पाण्याच्या आवाजात काही ऐकू यायचं नाही, म्हणून तो तिच्या कानाशी वाकून बोलायचा. तिथेच कधीतरी 'तुम्ही'चं 'तू' झालं. तुषारांनी तिचे केस भिजायचे, आणि तो बोलायचा थांबून नुसताच बघत राहायचा...

पण पाय तिच्या मनाला विचारून थोडेच तयार होतात? चढावर दम पुरू लागला, पुढचे लोक दिसू लागले, आणि ती घाबरली. आपण शेवटी राहिलो नाही, तर हा दुसऱ्याच कोणाच्या मागून चालेल. त्याच्याशीही असाच बोलेल? मग ती बांधलेल्या नाड्या पुन्हा बांधू लागली, दिसेल ते अळंबं निरखू लागली.

"विचार ना त्याला सरळ," ताई म्हणाली.

"आणि ड्यूटी म्हणून बोलतो म्हणाला तर?"

"तर निदान नीट धावायला तरी लागशील."

एका रविवारी पुलावर तोच म्हणाला, "तू मुद्दाम हळू धावतेस."

"नाही, पाय जरा—"

"पाय ठणठणीत आहेत. मघाशी सुसाट गेलीस आणि काहीतरी आठवल्यासारखी थांबलीस." तो कठड्याला टेकला. "हळू धावायचं तर धाव. पण कोणासाठी म्हणून नको."

तो मायेनेच बोलला होता. तिला मात्र ऐकू आलं ते एवढंच, की माझ्यासाठी नको.

पुढच्या रविवारी ती रागाने सुटली. पहिल्या वळणापर्यंत राग होता. मग पाय हलके झाले, शेवाळलेली झाडं भराभर मागे पडू लागली, पुलावर तुषार तोंडावर आले आणि ती एकटीच मोठ्याने हसली. आपल्याला धावता येतं. किती छान येतं. ती पोचली तेव्हा निम्म्याहून जास्त लोक अजून जंगलातच होते. टाळ्या पडल्या, ताईने मिठी मारली, आणि तेवढ्यात तिची नजर झाडांकडे वळलीच.

"शेपटाची वाट बघतेस होय?" मंडळाचं सगळं बघणारी मावशी चहा ओतत म्हणाली.

"नाही... ड्यूटी फार कंटाळवाणी असेल ना त्याची?"

"त्याची कुठली? आळीपाळीने असते ती. पण तू आल्यापासून हा पठ्ठ्या सगळ्यांच्या पाळ्या मागून घेतो. आधी पहिला यायचा तो. अगं, चहा तरी..."

कप तसाच टाकून ती निघाली होती, आल्या वाटेने उलटी.

आधी भेटले काका, रेल्वेतून निवृत्त झालेले, रमतगमत येणारे. त्यांच्यामागे तो. तिला पाहून फीत अर्धवट सोडून धावत आला.

"काय झालं? पडलीस का?"

"मावशीने पाळ्यांचं सांगितलं."

आता कान लाल व्हायची पाळी त्याची होती. "मावशीच्या पोटात काही राहत नाही."

"मग मला 'कोणासाठी नको' का म्हणालास?"

"कारण तू फार छान धावतेस. माझ्यापायी मागे राहतेस हे बघवेना. आज तू वळणाआड गेलीस तेव्हा इतका आनंद झाला... आणि मग काय झालं ते काकांना विचार."

"तोंड पार गुडघ्यापर्यंत लोंबत होतं," काका म्हणाले. "म्हटलं, बाबा रे, जा पुढे. तर म्हणे, नियम आहे."

तिने त्याच्या डोळ्यांत बघून विचारलं. "खरं सांग. ड्यूटी होती, की मी?"

"पहिल्या दिवशी ड्यूटी होती, तीही कुरकुरत घेतलेली. तू भांडलीस आणि चिखलात बसून हसलीस... त्यानंतर कायम तूच होतीस."

"मला तू आवडतोस," ती म्हणाली. "खूप. कधीचं सांगायचं होतं."

काकांनी घसा खाकरला. "तुमचं चालू द्या. मी होतो पुढे." आणि ते चक्क पळत गेले.

"पुढच्या रविवारची पाळी मी मागितली नाहीये," तो हळूच म्हणाला. "तुझ्या मागे नाही धावायचं आता. बरोबर धावायचंय. येऊ?"

"वाट एका माणसाची आहे."

"बघू या तरी."

तिने त्याचा हात धरला. मोकळ्या हातांनी उरलेल्या फिती सोडत दोघं चालू लागले. खांद्याला खांदा घासत होता, दोन्हीकडची ओली पानं अंगाला लागत होती, तरी पुढे व्हायला कोणीच तयार नव्हतं.