काठाचा तुकडा

"काठाची सोन्यासारखी जमीन तुमी ठेवून घेतली, वैनी, आन् दिराच्या गळ्यात माळरान मारलं!"

तथागतांच्या तसबिरीपुढं उभा राहून सुमित हे बोलला आणि शालननं हातातला चहाचा पेला खाली ठेवला... सासू गेल्यावर ज्याला पोटच्या पोरासारखं वाढवलं, बारामतीला कॉलेजात घातलं, तोच आज तिला लुबाडणारी म्हणत होता!

"व्हय, घेतली! काय करशील?"

सुमित तणतणत फाट्याकडं निघून गेला. शालन चुलीपाशी धुमसत राहिली. कुणाला आणि कसं सांगायचं? पळसदेवला उजनी धरणाचं पाणी नजर पोचेल तिथवर पसरलेलं. वारा सुटला की ते सारं तिच्याच बाजूला लोटत यायचं, लाटा धडका देत काठाचं बूड पोखरायच्या आणि वरची माती धाडकन खाली यायची. तिनं दगड रचले, बाभळी लावल्या... सारं व्यर्थ! नवऱ्यामागं वाटणी झाली, तेव्हाच तिनं ओळखलं होतं की ही जमीन टिकायची नाही. म्हणून तर वरचं भक्कम रान तिनं सुमितला दिलं. खरं कळलं असतं, तर त्या मानी पोरानं ते घेतलंच नसतं!

त्याच दुपारी आभाळ काळवंडलं. तुडुंब भरलेल्या धरणावरून वादळ असं घोंगावत आलं की पाणी काठ ओलांडून थेट अंगणात शिरलं. एस.टी.साठी थांबलेला सुमित आरडाओरडा ऐकून माघारी धावला. शालन कमरेइतक्या पाण्यात शेळीचं दावं सोडवत होती. त्यानं दोघींना ओढून वर आणलं, आणि डोळ्यांदेखत घराची मागची भिंत जमिनीसकट पाण्यात गेली!

सुमितनं पाण्याकडं बोट केलं.

"वैनी... हितं आपली चिंच हुती ना? तिच्या पल्याड रान हुतं. कुठं गेलं?"

"पाण्यात! दर साली जातंय! आन् तू सोनं म्हणतोस!"

"तुमाला ठावं हुतं? मंग वाटणीत..."

चिखलात बसून त्यानं तिचे पाय धरले.

"एकदा तरी बोलायचं, वैनी!"

"मीच बोलायचं?" कित्येक वर्षं कोंडलेला संताप उसळून आला. "तुला बघाया काय झालं हुतं रं? उंबऱ्यावरनं भांडून जायचास, कधी काठापातूर चालत गेलास का?"

सुमित उठला, त्यानं शेळीचं दावं हाती घेतलं.

"चला, वरच्या रानात."

"तितं माजं काय हाय?"

"मी हाय की, वैनी!"

आणि इतका वेळ कोरडे राहिलेले शालनचे डोळे भरून आले...