लपवलेली लग्नं

चारठाण्याच्या एका लग्नात, ऐन अक्षतांच्या वेळी, वैजयंतीच्या कॅमेऱ्यातलं कार्ड अडकलं. वऱ्हाडी म्हणून आलेल्या शिवकांतनं ते अलगद काढून, पुसून दिलं. सेलूत कॉम्प्युटर दुरुस्त करतो म्हणाला. दिसायला बरा, बोलायला त्याहून बरा. वैजयंतीनं नंबर तिथंच मागून घेतला. लाजत बसायला तिला सवड नव्हती.

जिंतूरच्या वैजयंतीच्या घरच्या फोटो स्टुडिओतला जुना कॉम्प्युटर सारखा 'जागा नाही' म्हणायचा, अन् फाइली बघाव्या तर चारच. तिनं शिवकांतला बोलावलं. लपवलेल्या फाइली दिसतील असं त्यानं केलं, आणि पडद्यावर लग्नंच लग्नं उगवली. तिचे वडील दिनकरराव ओशाळले.

"कुणाचं लग्न कचऱ्याच्या डब्यात टाकावं व्हय? म्हणून लपवून ठेवलो."

"लपवलं तरी जागा खातंच की, काका."

त्यानं लग्नं दुसऱ्या डिस्कवर हलवली, चहा घेतला, आणि निघताना वैजयंतीकडं नुसतं बघितलं... त्या बघण्यापायी तिची झोप उडाली.

मग महिन्यानं कळलं — शिवकांत दुकान बंद करून पुण्याला नोकरीला जायलाय, सोमवारी. वैजयंतीनं फोन लावला. "जागा परत संपली."

तो आला, खुर्चीत बसला, शोधू लागला. चारठाण्याचं एकच लग्न, कितीतरी वेळा कॉपी करून लपवलेलं. तारीख कालची.

"हे काकांनी केलं?"

"बाबा परवापासून गावाला हायत. मी केलं." तिनं नजर खाली घातली नाही. "तुमी यावं म्हणून. मला आवडता तुमी... जायच्या आधी ऐकून जावा."

शिवकांतनं खुर्ची पडद्याकडं ओढली. मग त्यानं आणखी एक फोल्डर उघडून दाखवलं. आत पाच-सहा जुनी लग्नं तशीच पडलेली.

"ही तर तुमी हलवली होती ना?"

"सगळी न्हाई. थोडी मुद्दाम ठेवलो. डिस्क लवकर भरावी, तुमचा फोन यावा..."

"मग पुण्याला कशाला निघालात?"

"फोन आला न्हाई म्हणून."

"आता आला की."

"आता कुठं जातो मी," तो हसला, आणि तिच्या कॉपी पुसायला माउसकडं हात नेला. वैजयंतीनं त्याचं मनगट धरलं.

"लग्न हाय. टाकायचं न्हाई."

"मग आपल्या लग्नाला जागा कुठली व्हायची?"

"नवी डिस्क घ्या," ती म्हणाली. मनगट मात्र तिनं सोडलं नाही.