झिजलेला सोल आणि सालईची खिंड

सालईच्या खिंडीपर्यंत मोटारसायकल न्यायची आणि तिथल्या दगडांखाली अण्णांच्या बुटांचे जुने सोल ठेवून यायचं, एवढ्यासाठी आम्ही तिघं जालन्याहून निघालो होतो.

अण्णा म्हणजे माझे वडील, मार्तंड. आठवडाभर एमआयडीसीतल्या एका रोलिंग मिलची वीज सांभाळायची आणि रविवारी भोकरदनच्या उत्तरेला, डोंगरातल्या दगडधोंड्यांतून गाडी घालायची, हा त्यांचा कित्येक वर्षांचा रिवाज. सालईची खिंड त्यांना गाठायची होती. पुष्कळदा निघाले आणि दरवेळी शेवटच्या वळणावरून परतले. का, ते कधी बोलले नाहीत. गेल्या माघात ते गेले.

तेराव्याला छत्री दिली, काठी दिली. जोड्याची पाळी आली तेव्हा रजनीआत्यानं कपाटातून त्यांचे गुडघ्याला भिडणारे, बकलांचे बूट काढले.

"सोल गेलेत, आत्या," मी म्हणाले. "फाटका जोडा दान करतात का?"

आत्यानं माझ्याकडे नीट पाहिलं आणि बूट परत ठेवले. "बरं. वर्षश्राद्धाला देऊ. पण तवर सोल बसवून ठेव, मधू. तेव्हा हे कारण चालायचं न्हाई."

वर्ष सरत आलं तसे मी बूट मस्तगडला बद्रीनाथच्या दुकानात नेले. नवे सोल अण्णांच्या दोस्तानं, गोपीकाकांनी, मागवून ठेवले होते. बद्रीनाथनं कडेची शिवण उसवली, पकड घातली आणि जोर लावला. चर्र करत जुना सोल निघाला. टाच शाबूत होती, पुढचा भागही बरा होता. झिजला होता तो मध्ये, पार पापडासारखा. चालणाऱ्या माणसाचा सोल टाचेला झिजतो. अण्णा फुटरेस्टवर उभे राहून गाडी चालवत.

"टाकून देऊ, ताई? काई कामाचे न्हाई राह्यले."

"नको. कागदात गुंडाळून द्या."

खिंडीची कल्पना मला तिथंच सुचली. अण्णा पोचले नाहीत. त्यांच्या पायाखालचं काही तरी पोचावं. त्यानंतर बूट द्यायला मी मोकळी होते.

दोन गाड्या होत्या. अण्णांची माझ्याकडे, त्यांचे बूट मी दोन-दोन मोजे चढवून घातले होते. दुसरी गोपीकाकांची. गोपीकिशन, बियाण्यांचे व्यापारी, अण्णांचे रविवारचे सोबती. त्यांच्या मागे आत्याचा मुलगा वरद, पाठीवर ताडपत्री, पंप आणि हत्यारांची पिशवी घेऊन, पायात कॅनव्हासचे बूट.

राजूर गेलं, भोकरदन गेलं. डांबर संपलं आणि पुढे ओढ्याची कोरडी वाळू लागली. माझं मागचं चाक तिच्यात रुतून नुसतं भिरभिरलं. ढकलत, पाणी पीत, पुन्हा ढकलत आम्ही पलीकडे निघालो. मग मुरमाचा चढ. नव्या जाड सोलातून मला ब्रेक कळतच नव्हता. पाय टेकवला असं वाटायचं तोवर चाक जाम! एका वळणावर मी गाडीसकट आडवी झाले.

"बेटा, बसून नको चालवू. उभी राह," काका म्हणाले. "बसलं की सगळे दगड कमरेत जमा होतात."

"काका, मी पण उभा राहू का?" मागून वरद.

"तू फक्त पडू नको. तुझ्या आईला मी जबाब काय देऊ?"

वर वारा होता. पानं झडलेल्या सालया पांढुरक्या खोडांनी उतारभर उभ्या होत्या. त्यांच्या सालीचे पातळ पापुद्रे वाऱ्यानं हलत आणि डिंकाचा वास घळीत उतरून येई. खाली शेतं, त्यांच्या कडेला एक वाडी, आणि तिच्याकडे जाणारी पायवाट दोऱ्यासारखी. मी उभी राहून चालवत होते. पायाला हळूहळू ब्रेक कळायला लागला होता. समोर घळ अरुंद झाली, दोन्हीकडे कडे चढले आणि त्यांच्यामध्ये आभाळाची एक खाच दिसली. सालईची खिंड!

शेवटच्या वळणाशी एक शेंदूर लावलेला दगड होता. काकांनी गाडी उभी केली.

"मार्तंड इथं हात जोडल्याशिवाय वर बघत बी नव्हता. आज त्याच्या नावानं ऊद घालू."

त्यांनी खिशातून पुडी काढली, कापूर पेटवला, ऊद टाकला. दगडावर पडलेला डिंकही दोन चिमटी घातला. धूर दाट झाला, सुगंधी झाला आणि कड्याला घासत सरळ वर गेला. मी गाडीवर बसूनच हात जोडले. मान वर केली तेव्हा कपारीच्या पोटाला काळं काही तरी लटकताना दिसलं. ओलीचा डाग असेल, असं वाटलं.

डाग हलला.

"काका, आग्यामोहोळ!" वरद ओरडला. "पळा!"

घूंऽऽ करत आभाळ खाली आलं. काका पळाले, अडखळले. मी किक मारली, गाडी वळवली. "बसा!" ते मागे कोसळल्यासारखे बसले. वरद ताडपत्री डोक्यावर ओढून धावत होता. मानेवर एक निखारा. हातावर दुसरा. उतार, दगड, पुन्हा दगड! फाट्कन आवाज झाला आणि मागचं चाक बसलं. मी तशीच रेटली. करवंदीची जाळी दिसली. "आत!"

तिघं ताडपत्रीखाली गुडघ्यात डोकी घालून बसलो. बाहेर माश्या ताडपत्रीवर टपटप आदळत होत्या. आत ताडपत्रीतून गाळलेलं निळं ऊन होतं. कुणी हललं नाही. पुष्कळ वेळानं ती घूं घूं दूर गेली.

"मार्तंडनं घातला असता ऊद, तर काई झालं नसतं," काका म्हणाले. आवाज घोगरा होता. मी त्यांच्याकडे पाहिलं. डोळे मिटत आले होते, ओठ सुजले होते. श्वास घेताना बारीक शीळ वाजत होती.

फोनला रेंज नव्हती. काकांची गाडी वर शेंदराच्या दगडाशी राहिली होती आणि तिच्यावर माश्या फिरत होत्या. उरली अण्णांची. तिच्या मागच्या टायरला बाजूनं अंगठा जाईल एवढी चीर पडली होती.

वरदनं लोखंडी पट्ट्या घालून टायरची कड रिमवरून उचलली. फाटलेली ट्यूब काढून जवळची नवी घातली, हवा भरली. ट्यूब चिरेतून फुग्यासारखी बाहेर यायला लागली.

"थांब! हीसुद्धा जाईल. आतून काही तरी लावायला पाहिजे."

पाण्याची बाटली कापून पाहिली. प्लॅस्टिकची कड इतकी धारदार, की तीच ट्यूब कापणार. वरदनं आपल्या बुटातला गादीचा तुकडा काढून दिला. तो बोटानंच फाटला.

"तुझ्या बुटाचा सोल?" त्यानं विचारलं.

मी नवा सोल वाकवून पाहिला. जाड, ताठ. टायरच्या गोलाईत तो बसणार नव्हता. पातळ पाहिजे होता, पण रबरच पाहिजे होतं. भरपूर वापरून मऊ पडलेलं रबर.

मागे काकांची शीळ वाजत होती.

मी पिशवीतून कागदाची गुंडाळी काढली. वरदनं माझ्याकडे पाहिलं. "ताई, ते तर वर..."

"चाकू दे."

उजव्या पायाचा सोल होता. अण्णांनी झिजवलेला मधला भाग मी कापला, कडा तासल्या आणि टायरच्या आत, चिरेवर, धरला. पोटाला पोट लागावं तसा तो बसला. ट्यूब आत गेली. वरद पंप मारत होता, मी चिरेवर बोट ठेवून होते. टायर टणक झालं. चिरेतून काळा, गुळगुळीत सोल तेवढा दिसत राहिला.

मान वळवली तर खिंड तिथंच होती. एक वळण, एक चढ. मी काकांना मागे बसवलं, ताडपत्रीच्या दोरीनं माझ्या कमरेला बांधलं.

"तू?" मी वरदला विचारलं.

"येतो चालत. तू निघ, ताई!"

उतार मी उभ्यानं काढू शकत नव्हते, कारण काकांचं ओझं पाठीवर होतं. दगडांचा मार सरळ कमरेत येत होता. ब्रेक अलगद. सोड. पुन्हा अलगद. मुरूम घसरला, चाक घसरलं, सावरलं. वाळूच्या ओढ्यात थांबले असते तर पुन्हा निघता आलं नसतं. मी थांबले नाही! वाडी आली. वाडीतल्या एका जीपवाल्यानं पुढे भोकरदनच्या दवाखान्यात पोचवलं. इंजेक्शन गेलं, ऑक्सिजन लागला. मी दाराशी उभी राहून ती शीळ ऐकत होते. ती बारीक झाली, तुटक झाली आणि थांबली. काका झोपले होते, नीट श्वास घेत.

संध्याकाळी डोळे किलकिले करून ते म्हणाले, "पोचली का वर?"

"नाही."

"तुझा बाप बी माझ्यापायीच परतायचा. एकदा माझा क्लच जळाला, एकदा मला चक्कर आली, एकदा तर मी नुसता घाबरलो. घरी कधी सांगितलं न्हाई ना त्यानं?"

"नाही."

"अन् पुढच्या रविवारी पुन्हा दारात हॉर्न. चल म्हणे, गोपी." त्यांनी सुजलेला हात चादरीवरून फिरवला. "त्या खिंडीला मीच पनवती हाय, बेटा."

वरद अंधार पडताना पोचला. त्याच्या कॅनव्हासचे तळ सुटून लोंबत होते, मोज्यांत कुसळं भरली होती आणि टाचेतून रक्त येत होतं. तरी येताना वाडीतल्या दोघांना घेऊन काकांची गाडी खाली आणायचं ठरवूनच तो आला होता. दिवस मावळला की माश्या बसतात, असं त्यांनी त्याला सांगितलं होतं.

वर्षश्राद्धाला आत्यानं विचारलं, "जोडा कुणाला देतेस? ब्राह्मणाच्या पायात हे गुडघ्याएवढे बूट कुठं शोभतील!"

"अण्णांचा भाचा आहे की घरात. भाच्याला दिलेलं चालतं ना?"

"चालतं म्हणजे? त्याच्यासारखं दान न्हाई," आत्या म्हणाली आणि पदर डोळ्यांना लावून आत गेली.

वरद पाटावर बसला. मी बूट त्याच्यापुढे ठेवले. टाचेच्या जखमेवरची पट्टी सांभाळत त्यानं ते घातले, बकलं लावली, उभा राहिला. प्रत्येक पायात एकच मोजा होता. तरी बरोबर बसले.

दुपारी अंगणात तो हत्यारांची पिशवी आवरत होता. मागचं टायर मी अजून बदललं नव्हतं.

"ताई, डावा सोल राहिलाय अजून. कपाटात ठेवू?"

"नको," मी म्हणाले. "पान्यांसोबत राहू दे. पुढच्या चाकाला लागेल."