मशीन कोणासाठी थांबायचं

विश्वास ठेवायचा तर ठेवा, पण हे माझ्या सख्ख्या भावाच्या बाबतीत घडलंय. तेही भर दुपारी, आमच्याच कारखान्यात.

आम्ही गाड्यांच्या ब्रेकचे पत्रे बनवतो. दादा प्रेसवर, म्हणजे पत्र्यावर जड साचा आदळणाऱ्या मशीनवर. मी क्वालिटीत. प्रेसच्या तोंडाशी किरणांचा पडदा असतो. हात आत गेला की सेन्सर मशीन जागच्या जागी थांबवतो.

दादाचं मशीन उगाचच थांबायला लागलं.

हात बाहेर असला... तरी थांबायचं.

कारण शोधणं माझं काम. पद्धत साधी, उत्तर मिळालं की पुन्हा 'का' विचारायचं. मशीन का थांबलं? किरण अडले. का अडले? मध्ये काहीतरी आलं.

काय आलं?

मध्ये तर काहीच दिसत नव्हतं.

सेन्सर बदलला, वायरी बदलल्या. जेवणाच्या सुट्टीत मी एकटीच समोर उभी राहिले. आसपास चिटपाखरू नाही. हिरवा दिवा...

लाल झाला.

मग हिरवा. पुन्हा लाल. कोणीतरी सावकाश हात घालावा, काढावा, तसं.

मी धावत मॅनेजरना सांगायला गेले.

"सेन्सर बंद करा, माल अडलाय," मॅनेजर म्हणाले.

"साहेब, दादाचा हात गेला तर तुमचा देणार का?" मी तावातावाने भांडले.

दादा हसला. "तुझं आपलं काहीतरीच, चिंगे!"

सेन्सर बंद झाला. मशीन धडाधड सुरू. मी काही तिथून हलले नाही.

मग एक पत्रा अडकला. दादाने सवयीने हात आत घातला. मशीन थांबेल, या भरवशावर!

मी किंचाळले. साचा खाली आला...

दादा मागे कोसळला. हात शाबूत होता. मी त्याला बिलगून ढसाढसा रडले.

"कोणी ओढलं रे तुला?"

"ओढलं नाही गं." तो मनगट चोळत होता. "आतून मनगट धरलं होतं... सोडतच नव्हतं. मीच हिसडा मारला."

मनगटावर बोटांचे वळ होते.

सेन्सर लगेच चालू केला. त्यानंतर मशीन एकदाही विनाकारण थांबलेलं नाही. मॅनेजर खूश आहेत. पोटासाठी दादा अजून त्याच प्रेसवर उभा राहतो.

मला मात्र घास गोड लागत नाही. पडदा पुन्हा लागला तेव्हा ते मनगट धरणारं आत राहिलं...

की दादाबरोबर बाहेर आलं?